गाढवाचा खूर : नालबंदाच्या रिकाम्या हंगामातील काम

नालबंदी हा आपल्या समाजाच्या हातातला जुना धंदा. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटियरे निघाली, त्यांत पुणे, सोलापूर, अहमदनगर अशा जिल्ह्यांच्या भागांत मुसलमान कारागिरांमध्ये नालबंदांची नोंद वेगळी केलेली आढळते. आपल्या वऱ्हाडात हा धंदा कापसाच्या बंडीवर जगला. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा येथील बाजाराकडे आणि जिनिंगकडे भरलेली बंडी डांबरी रस्त्याने न्यायची तर बैलाच्या पायाला पत्री हवीच. बैलाचे चार पाय, प्रत्येक पायाची दोन नखे, म्हणजे एका बैलाला आठ पत्र्या आणि जोडीला सोळा. दिवाळीनंतर कापूस निघू लागला की नालबंदाला जेवायला फुरसत नसे.

आता कापूस टेम्पोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून जातो. ज्या घरांत तीन-तीन पिढ्या पत्री ठोकली गेली त्या घरांतील मुले गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात बसली. ती बसली हे बरेच झाले. पोट कुणाला चुकले आहे? परंतु ज्यांनी हातोडी सोडलेली नाही त्यांच्यासमोर एक काम असे आहे की ते गावोगाव पडून आहे आणि त्याकडे फारसे कुणी पाहात नाही. ते म्हणजे गाढवाचा आणि खेचराचा खूर तासण्याचे काम. हा पाठ त्याविषयी आहे.

आपला नालबंद म्हणतो, “गाढवाला कुठे नाल मारतात?” त्याचे म्हणणे बरोबर आहे. मातीच्या वाटेवर चालणाऱ्या बहुतेक गाढवांना नालेची गरज नसते. मात्र त्यावरून गाढवाला नालबंदाचीच गरज नाही असा जो अर्थ काढला जातो तो चुकीचा आहे. खूर हा आपल्या नखासारखा सतत वाढतो. गाढवाचा खूर महिन्याला साधारण पाव इंच वाढतो. जनावर कोरड्या, खडकाळ जमिनीवर रोज हिंडत असेल तर वाढते तेवढे झिजते. हिंडणे थांबले की झीज थांबते, वाढ मात्र थांबत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे वर्ष पाहा. वीटभट्टी दिवाळीच्या पुढे-मागे सुरू होते आणि मृग लागला की बंद पडते. कुंभाराचे, बेलदाराचे, वडाराचे गाढव आठ महिने विटा, माती, वाळू वाहते आणि पावसाळ्याचे चार महिने मोकळे उभे राहते. उभे तरी कुठे, तर आपल्या काळ्या चिकण मातीत. ही माती खुराच्या पोकळीत ठासून बसते, आतला ओलावा सुटू देत नाही आणि शेणमुताची घाण तिच्यात मुरते. गाढव हे मूळचे कोरड्या, वाळवंटी मुलखातील जनावर. त्याच्या खुराची घडण कोरड्या जमिनीसाठी आहे; घोड्यापेक्षा त्याचा खूर पाणी जास्त शोषतो आणि लवकर मऊ पडतो. चार महिन्यांत एक इंच वाढलेला, मऊ पडलेला, कडेने फाकलेला खूर घेऊन हे जनावर दिवाळीला भट्टीवर जाते आणि पहिल्याच पंधरवड्यात लंगडते.

नेमक्या याच चार महिन्यांत नालबंदाचे दुकान थंड असते. पेरणी उरकली की पोळ्यापर्यंत पत्री ठोकायला फारसे कुणी येत नाही. म्हणजे नालबंदाचा रिकामा हंगाम हाच गाढवाच्या खुराचा हंगाम आहे. ही जोडी आपल्याकडे जमवलेली दिसत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

धनी लंगडेपणा सहन का करू शकत नाही तेही समजून घ्यावे. गाढववाला बहुधा भट्टीमालकाकडून हंगामाआधी उचल घेतो आणि ती वाहतुकीतून फेडतो. जनावर बसले तर उचल बसत नाही, ती डोक्यावर तशीच राहते. शिवाय पाळीव गाढवाचे मांस आपल्याला हराम, आणि विकणाऱ्या बांधवांच्या घरीही ते कुणी खात नाही. तेव्हा म्हाताऱ्या बैलाला किंवा आटलेल्या म्हशीला जी काही किंमत उरत असे तशी लंगड्या गाढवाला उरत नाही. त्याची सारी किंमत त्याच्या चालण्यात, म्हणजे चार खुरांत आहे. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या गाढवांच्या बाजारात किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जाणता गिऱ्हाईक दात पाहतो आणि लगेच पाय उचलून पाहतो, ते काही उगीच नाही.

घोड्याचा खूर आणि गाढवाचा खूर

ज्याने तांग्याच्या घोड्यावर हात बसवला आहे त्याने इथे विशेष जपावे. आमच्या मते घोड्याच्या मापाने गाढवाचा खूर कापणे हीच या कामातील सर्वांत मोठी चूक आहे.

घोड्याचा पुढचा खूर खालून पाहिला तर जवळजवळ गोल दिसतो. गाढवाचा अरुंद, लांबट आणि टाचेकडे सरळ गेलेला, नालेसारखाच दिसतो. बाजूने पाहिले तर घोड्याचा खूर जमिनीशी साधारण पन्नास अंशांत तिरपा असतो, तर गाढवाचा साठ अंशांच्या आसपास, म्हणजे जास्त उभा. हा उभेपणा दोष नव्हे, ती त्याची घडण आहे. घोड्याची सवय असलेला हात उभा खूर पाहिला की टाच खाली घेतो आणि पुढचा भाग लांब सोडतो, म्हणजे खूर “घोड्यासारखा” दिसावा. त्याने पायाच्या मागच्या शिरांवर ताण येतो. जनावर आठ दिवसांनी लंगडते आणि दोष दिला जातो भट्टीच्या रस्त्याला.

मग खरे माप कोणते? जनावर सपाट, कडक जमिनीवर उभे करा आणि बाजूने पाहा. खुराच्या वर जो आखूड, तिरपा भाग आहे त्याच्या पुढच्या कडेची रेघ आणि खुराच्या भिंतीची रेघ सरळ एका ओळीत आली पाहिजे. मध्ये पुढे किंवा मागे मोडली तर खूर चुकीचा वाढला आहे किंवा चुकीचा कापला गेला आहे. कोन मोजायला यंत्र नको, ही एक रेघ पुरे.

आणखी दोन फरक लक्षात ठेवावेत. गाढवाच्या खुराची भिंत पुढून टाचेपर्यंत जवळपास सारख्याच जाडीची असते. घोड्याची टाचेकडे पातळ होत जाते. आणि तळाच्या मधोमध जी मऊ, त्रिकोणी पुतली असते ती गाढवात बरीच मागे, टाचेकडे बसलेली असते. म्हणून पुतलीच्या टोकावरून अंदाज बांधून पुढचा भाग कापू नये, फसाल.

खेचर हे घोडी आणि गाढव यांच्या संकराचे जनावर, आणि त्याचा खूर बापावर जातो: अरुंद, उभा, टणक. अंगात ताकद घोडीची. त्यामुळे वर सांगितलेले माप खेचरालाही लागू, फक्त पाय उचलताना जीव सांभाळावा. खेचरे प्रामुख्याने उत्तर भारतातील वीटभट्ट्यांवर आणि केदारनाथसारख्या डोंगरी यात्रामार्गांवर वापरली जातात. जड ओझे आणि पक्का रस्ता असेल तर खेचराला नाल लागते. तेव्हा तट्टाची नाल वाकवून बसवू नये. खुराच्या आकाराची अरुंद नाल घडवावी आणि बारीक खिळे पांढऱ्या रेघेच्या बाहेर, भिंतीतच ठेवावेत.

हत्यारे आणि हात

हत्यारे थोडीच लागतात. माती काढायला बोथट टोकाची आकडी, तळ तासायला वाकड्या पात्याची सुरी, जुने उस्ताद हिला सुमतराश म्हणत, वाढलेली कड तोडायला लांब दांड्यांची पक्कड आणि मोठ्या दातांची कानस. बैलाच्या कामाची पक्कड आणि हातोडी आहेच. चांगली कानस मात्र विकत घ्यावी. बोथट कानस हात दमवते, आणि दमलेला हात खूर वाकडा सोडतो.

बैलाला पत्री ठोकताना आपण दोर टाकून त्याला आडवे पाडतो. गाढवाला पाडू नये. ते उभ्यानेच काम करू देते, फक्त त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. एकटे केले की ते बिथरते. त्याचे जोडीचे गाढव शेजारी उभे करा, निम्मे भांडण तिथेच मिटते. पाय उचलताना घोड्यासारखा उंच घेऊन बाजूला ओढू नका. गाढव ठेंगणे आणि अंगाने अरुंद, त्याचा पाय पोटाखालीच, जेमतेम उचलावा आणि कारागिराने स्वतः वाकावे किंवा गुडघ्यावर बसावे. कंबर आपली दुखेल, पण जनावर शांत राहील. मारून काम होत नाही. एकदा मार खाल्लेले गाढव पुढच्या खेपेला पाय देत नाही, आणि पुढची खेप हाच तर धंदा आहे.

आधी जनावर चालवून पाहा. डोके कोणत्या पायावर वर झटकते, खुराचा कोणता भाग आधी टेकतो, हे ध्यानात घ्या. मग पाय उचलून टाचेकडून पुढे अशी आकडी चालवून माती काढा. तळ स्वच्छ झाल्यावर भिंत आणि तळ यांच्या सांध्यावर एक फिकट रेघ दिसते. हीच पांढरी रेघ. ही सगळ्या कामाची सीमारेषा आहे. तिच्याबाहेरची भिंत ही मेलेल्या नखासारखी, तिला कापता येते. आत जिवंत भाग आहे.

सुरीने तळावरचा भुसभुशीत, आपोआप सुटणारा थर तेवढाच काढावा. टणक तळ लागला की थांबावे. पुतलीवरच्या लोंबत्या चिंध्या कापाव्यात, पुतली कोरून “सुंदर” करू नये. ती जनावराची गादी आहे. मग पक्कड टाचेपासून सुरू करून पुढून फिरवत दुसऱ्या टाचेपर्यंत आणावी आणि भिंत तळाच्या किंचित वर राहील एवढी तोडावी. नंतर कानस सपाट धरून दोन्ही बाजू एका उंचीवर आणाव्यात. जे गाढव नालेविना चालणार त्याच्या भिंतीची बाहेरची कड शेवटी थोडी गोल करावी, म्हणजे ढलपे निघत नाहीत. भिंतीचा बाहेरचा चकचकीत भाग वरपर्यंत कानसू नये. तेवढ्याने खूर कोरडा पडून तडकतो.

भट्टीच्या हंगामात येणाऱ्या जनावराचे काम वेगळे. मुरमाड रस्त्यावर त्याचा खूर बहुधा वाढलेला नसतो, उलट एका बाजूने झिजलेला असतो. तिथे पक्कड काढायचीच नाही, कानशीने तोल सारखा करायचा. “पैसे दिले आणि काही कापले नाही” असे धनी म्हणेल. त्याला पाय दाखवून समजवावे, कापून दाखवण्याच्या मोहात पडू नये.

कुठे थांबावे

वर्षभर हात न लागलेला खूर पुढे चपलेसारखा वळतो. तो एका बैठकीत नीट करण्याची घाई कधीही करू नये. लांब खुराबरोबर आतली शिरा-स्नायूंची मांडणीही ताणलेली असते. दर तीन-चार आठवड्यांनी थोडा थोडा आणावा. तळ गुलाबी दिसू लागला की हात मागे. रक्त आले तर काम चुकले. रक्त काढणारा नालबंद गावात दुसऱ्यांदा बोलावला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

पांढऱ्या रेघेत काळी, पिठासारखी भुगा झालेली जागा आढळते. पावसाळ्यानंतर हे फार. सडलेला भाग सापडेल तेवढा मोकळा करावा, हवा लागू द्यावी आणि जनावर कोरड्या जागी बांधायला सांगावे. पुतलीच्या खाचेतून दुर्गंधी येत असेल तर तोच उपाय: स्वच्छता आणि कोरडी जमीन. यात तेल, डांबर, हळद असे काही थापून खाच बंद करणे उलटे पडते, कारण घाण आत कोंडते.

काल चालणारे गाढव आज एक पाय टेकवतच नाही, खूर गरम लागतो, अशा वेळी आत पू झालेला असण्याचा संभव मोठा. इथे पशुवैद्य बोलवावा. पू मोकळा करणे हाताला जमत असले तरी धनुर्वाताची लस आपल्या हाती नाही, आणि घोडा, गाढव, खेचर ही धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारी जनावरे आहेत. खिळा रुतला असेल तरी हेच.

दुसरा थांबण्याचा प्रसंग असा. गाढव रात्री सुटून ज्वारीच्या किंवा गव्हाच्या राशीत तोंड घालते, पोटभर दाणे खाते, आणि दोन दिवसांत पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून मागे रेलून उभे राहते. चार पायांत त्याला उष्णता, दुखणे. हे खुराच्या आतले दाहाचे दुखणे आहे, कापण्याचे नाही. दाणे बंद, मऊ जमीन आणि तातडीने दवाखाना. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत आणि अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेपर्यंत सर्वांना पोहोचता येणार नाही, पण जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठता येतो. गाढवाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ते दुखणे लपवते. बैल कण्हतो, घोडा घामाघूम होतो, गाढव नुसते गप्प उभे राहते आणि खाणे कमी करते. गप्प गाढव हे बरे गाढव समजू नये.

हिशेब

२०१२ च्या पशुगणनेत देशात गाढवे सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे १ लाख २० हजारांवर आली. खेचरे सुमारे १ लाख ९६ हजारांवरून ८४ हजारांवर उतरली. तेव्हा हे काम शिकून कुणी श्रीमंत होईल असे आम्ही म्हणणार नाही. एखाद्याने मुलाला केवळ यासाठी शाळेतून काढले तर तो वेडेपणा होईल. हे जोडकाम आहे, पत्रीच्या दुकानाला लागून असलेले.

तरी आकडा मांडून पाहा. खूर सहा ते दहा आठवड्यांनी तासावा असे मानतात. सात आठवडे धरले तर वर्षाला सात फेऱ्या. एका भट्टीवर किंवा एका वस्तीत दहा गाढवे धरली तर सत्तर जनावरांचे काम. अशा आठ जागा बांधल्या तर वर्षाला पाचशे साठ. दर आपापल्या गावाप्रमाणे ठरवावा, परंतु सुटा ठरवू नये. वस्तीशी बोलून वर्षाचा ठराव करावा, पैसे फेरीगणिक घ्यावेत. वर्षाचे एकदम आगाऊ मागितले तर उचलीखाली दबलेला माणूस देऊ शकत नाही, आणि पूर्ण उधारीवर ठेवले तर भट्टी बंद झाल्यावर तो गावीच सापडत नाही. एक वही ठेवावी: तारीख, जनावराचा रंग-खूण, कोणता पाय बिघडलेला, काय केले. तीन फेऱ्यांनंतर ही वहीच गिऱ्हाइकाला तुमच्या कामाची खात्री देते.

पहिली फेरी आषाढात, दुसरी पोळ्याच्या सुमारास, तिसरी दिवाळीआधी भट्टीवर जाण्यापूर्वी. या तीन चुकवू नयेत. हिवाळा-उन्हाळ्यातील फेऱ्या एखाद्या आठवड्याने मागेपुढे झाल्या तरी चालतात.

धन्याला ओझ्याबद्दलही दोन शब्द सांगावेत, कारण जास्त ओझ्याने फाकलेला खूर कोणताही नालबंद सरळ ठेवू शकत नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार गाढवावर ५० किलो, तट्टावर ७० आणि खेचरावर २०० किलोपेक्षा जास्त ओझे लादता येत नाही. वीट तीन किलोची धरली तर गाढवावर सोळा विटा. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद, असे आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा कुठे असतो ते सांगायला नको. सूरह नहलमध्ये घोडे, खेचर आणि गाढव या तिघांचा उल्लेख अल्लाहने माणसाच्या सेवेला दिलेली जनावरे म्हणून एकाच आयतीत येतो. मुक्या जनावराबद्दल अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. आपल्या गाढववाल्या गिऱ्हाइकांत बहुतेक हिंदू बांधव असतात, त्यांच्याशी नियमाच्या भाषेत बोलावे, अर्थ तोच आहे.

कायदा आणि कर्ज

फार थोड्या कारागिरांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली १९६५ मध्ये खास नालबंदांच्या परवान्याबद्दल नियम केले गेले. नाल मारण्याचा धंदा परवान्यावर करावा असे ते नियम सांगतात. प्रत्यक्षात गावोगाव हा धंदा उस्ताद-शागिर्दीवरच चालत आला. तरी नगर परिषदेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा चौकशी करून कागद करून घेतलेला बरा. भट्टीमालकाशी ठराव करताना कागदवाल्या कारागिराचे वजन वेगळे पडते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, कुंभार आहे, चर्मकार आहे, न्हावी आहे, नालबंद नाही. हे आमच्या मते चुकले आहे आणि आपल्या संघटनांनी त्यासाठी अर्ज-निवेदने द्यायला हवीत. तोपर्यंत जो नालबंद स्वतः भट्टीवर पत्री आणि नाल घडवतो, म्हणजे खरोखर लोहारकाम करतो, त्याने लोहार म्हणून नोंदणीसाठी विचारणा करावी. प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत ठरलेली आहे. पुढे एक लाख आणि दोन लाख असे दोन टप्प्यांत कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. व्याजाच्या प्रश्नावर ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. अवजारांची मदत मात्र कर्ज नाही, आणि एक उत्तम पक्कड, दोन सुऱ्या आणि दोन चांगल्या कानशी तेवढ्यात येऊन पैसे उरतात.

उरलेल्या पैशांत एक जाड चामडी आडण शिवून घ्यावे, मांडीपर्यंत येणारे. आणि एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाताना हत्यारे उकळत्या पाण्याने धुऊन न्यावीत. एका जनावराच्या पायातील सड दुसऱ्याच्या पायात नेली तर ठराव तिथेच मोडेल.